झिजण्यासाठीच घडवलेली तबकडी

जुन्या मोटारीच्या ब्रेकची डिस्क बदलली की गाडीचे अस्सलपण उणावते, असे मानणारे पुष्कळ आहेत. डिस्क ब्रेकचा इतिहास पाहिला तर हे मत टिकत नाही. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच फिरती तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटून गाडी थांबवण्याचे पेटंट घेतले होते. कल्पना खरी होती, पण तांब्याचे अस्तर धातूच्या तबकडीवर घासले की कर्णकर्कश आवाज होई. मग अर्धे शतक ड्रम ब्रेकने राज्य केले. ड्रमची खोड अशी की वेगाची झालेली उष्णता त्यात कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो आणि पायडल खोल जाऊ लागते. उघड्यावर फिरणाऱ्या डिस्कला वारा लागतो. विमानांच्या चाकांवर अनुभव मिळवलेल्या डनलॉपच्या डिस्क लावून जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या 1953 च्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. त्यांची खरी कमाई एकदाच करकचून थांबण्यात नव्हती. रात्रभर, दर फेरीला, तोच ब्रेक तसाच लागत राहिला यात होती. जपायचा वारसा असेल तर तो हा भरवसा आहे.

यावर आक्षेप येतो की कारखान्यातून आलेला मूळ धातूच गाडीचा पुरावा असतो. इंजिनाबाबत ते मान्य. जॅग्वारने प्रत्येक गाडीच्या चासीचे, इंजिनाचे, गिअरबॉक्सचे आणि बॉडीचे क्रमांक नोंदवून ठेवले. डिस्कला असा मान नव्हता. बिडाची ती तबकडी झिजायचीच, आणि ठरावीक जाडीखाली गेली की काढायची, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. मूळ पॅडमध्ये तर ॲस्बेस्टॉस होते. ब्रिटनने 1999 मध्ये त्यावर पूर्ण बंदी आणली, आणि अस्सलपणाच्या हट्टापायी ती धूळ पुन्हा फुप्फुसात घ्यावी असे कोणी म्हणत नाही.

अधिक वजनदार आक्षेप जॅग्वारच्याच ई-टाइपच्या बाबतीत निघतो. 1961 च्या या गाडीत मागच्या डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शियलला चिकटून आहेत. चाकांबरोबर हलणारे वजन कमी झाले, पण ब्रेकची धग डिफरन्शियलच्या ऑइल सीलला भाजू लागली, आणि गळलेले तेल थेट डिस्कवर. या डिस्क बदलायच्या तर बहुधा मागचा सगळा सांगाडाच खाली उतरवावा लागतो. एवढी उलथापालथ करण्यापेक्षा जुनीच चालवावी, असे वाटणे समजू शकते. पण तेलाने माखलेली, पातळ झालेली डिस्क ठेवून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे ले मान्सला जे सिद्ध झाले तेच पुसणे. बदलताना मांडणी मात्र मूळचीच ठेवावी, जोडी एकदमच बदलावी, नवी डिस्क तिला चिमटणाऱ्या कॅलिपरच्या बरोबर मध्यावर येईल अशा शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्यात. आणि उतरवलेल्या डिस्कला तेल लावून, तिची जाडी लिहून, ती गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवून द्यावी.