त्रिखंडी कादंबरी आणि व्हिक्टोरियन नीती

व्हिक्टोरियन कादंबरीची चर्चा निघाली की तिच्या सोवळेपणाचा उल्लेख हटकून येतो. शरीरसंबंधांविषयीचे मौन, सत्प्रवृत्तांचा अखेरचा विजय आणि विवाहाने होणारी कथानकाची सांगता ही त्या ‘युगाच्या मना’ची लक्षणे मानली जातात. ही संज्ञा सोयीची असली तरी फसवी आहे. साहित्य हा समाजाचा आरसा आहे असे एकदा गृहीत धरले, की ग्रंथ कोण छापतो, कोण विकत घेतो आणि कोण नाकारतो हे प्रश्न वाङ्मयबाह्य ठरतात. व्हिक्टोरियन कादंबरीचा इतिहास मात्र या प्रश्नांना वगळून सांगताच येत नाही.

स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’पासून (१८२१) नव्या त्रिखंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे दीड गिनी, अशी रूढ झाली आणि शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत टिकली. बहुसंख्य मध्यमवर्गीयांना ती परवडणारी नव्हती. चार्ल्स एडवर्ड म्यूडी याने १८४२ मध्ये लंडनमध्ये वर्गणीवर पुस्तके देण्यास आरंभ केला. वर्षाकाठी एक गिनी भरावी आणि एका वेळी एक खंड घरी न्यावा, अशी त्याची साधी योजना होती. एका कादंबरीच्या किमतीहून कमी पैशांत वर्षभराचे वाचन होई. शिवाय तीन खंडांमुळे एकच प्रत एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या हाती देता येई. प्रकाशकालाही घाऊक खरेदीचा भरवसा मिळे.

अशा रीतीने कादंबरीची लांबी ही केवळ कलात्मक निवड न राहता व्यवहाराची अट बनली. १८४७ मध्ये एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ प्रसिद्ध झाली ती दोन खंडांत. तिसरा खंड अ‍ॅन ब्राँटेच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ने भरून काढला. जॉर्ज गिसिंगने ‘न्यू ग्रब स्ट्रीट’मध्ये (१८९१) तीन खंड भरता भरता खचून जाणारा लेखक रंगवला, आणि त्याची ही कादंबरीही तीन खंडांतच निघाली.

लांबी ठरवणारा ग्राहक आशयही ठरवू लागला. म्यूडीच्या वाचनालयाच्या नावातच ‘सिलेक्ट’ हा शब्द होता. कुटुंबात निःशंकपणे नेता येईल तेच पुस्तक येथे मिळेल, असे आश्वासन त्यात होते. जॉर्ज मेरेडिथची ‘द ऑर्डील ऑफ रिचर्ड फेव्हरेल’ (१८५९) ही कादंबरी म्यूडीने आपल्या वाचनालयातून काढून घेतली. यासाठी कायद्याची किंवा न्यायालयाची गरज पडली नाही. मोठ्या ग्राहकाने प्रती घेतल्या नाहीत, एवढ्याने काम भागे. आणि हे जाणणारा लेखक लेखणी हाती घेतानाच आपला हात आखडता घेई.

या व्यवस्थेबाहेर दुसरा वाचकवर्ग होता, हे विसरून चालणार नाही. रेनॉल्ड्सची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४ पासून एक पेनी किमतीच्या साप्ताहिक अंकांतून निघत होती, आणि तिच्यात गुन्हेगारी व वासना यांची वाण नव्हती. रेनॉल्ड्स भारतातही आवडीने वाचला गेला. हरिभाऊ आपटे यांच्या ‘मधली स्थिती’वरील (१८८५) त्याचा प्रभाव मराठी समीक्षेला परिचित आहे. एकाच समाजात दोन भिन्न अभिरुची नांदत असताना त्यांपैकी एकीलाच ‘युगा’चे नाव का मिळावे?

जॉर्ज मूरने हा प्रश्न उघडपणे मांडला. त्याच्या ‘अ मॉडर्न लव्हर’ला (१८८३) म्यूडीने थारा दिला नाही. पुढची कादंबरी त्याने व्हिझेटेली या प्रकाशकाकडून एकाच खंडात, स्वस्तात काढली आणि १८८५ मध्ये ‘लिटरेचर अ‍ॅट नर्स’ या पुस्तिकेत वाचनालयांच्या सत्तेवर हल्ला चढवला. तथापि वाचनालय टाळले म्हणून मोकळीक मिळाली असे झाले नाही. झोलाच्या अनुवादांवरून व्हिझेटेलीवर १८८८ मध्ये खटला झाला आणि १८८९ मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले. मूक नियंत्रण जेथे पोहोचत नव्हते तेथे कायदा पोहोचला.

त्रिखंडी कादंबरीचा शेवट मूरच्या युक्तिवादाने झाला नाही. स्वस्त आवृत्त्या लवकर निघू लागल्याने वाचनालयांचा जुन्या प्रती विकण्याचा व्यवहार तोट्यात येऊ लागला. १८९४ मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी खंडाला चार शिलिंगांपेक्षा अधिक न देण्याचे जाहीर केले, आणि स्वस्त आवृत्ती वर्षभर थांबवावी अशी अट घातली. प्रकाशकांना या अटींपेक्षा एकखंडी पुस्तक परवडले. तीनच वर्षांत हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. ज्या हिशेबाने त्याला जन्म दिला, त्याच हिशेबाने त्याला मोडीत काढले.

यावरून साहित्यकृतीचे मूल्य जमाखर्चात शोधावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. चौकट लादलेली होती म्हणूनच तिच्यात राहून थोर लेखकांनी काय साधले, हे अधिक स्पष्ट दिसते. मात्र एखाद्या युगाचे मौन वाचताना ते समाजाच्या अंतःकरणातून आलेले आहे, की एका ग्राहकाच्या नकारातून, याचा निवाडा समीक्षेला करावाच लागतो. तो टाळला, की व्यापाराची अट संस्कृतीचा स्वभाव म्हणून नोंदली जाते.