रानपिंगळ्याच्या कुळाचा मागोवा

मोर्शीच्या आसपास संत्र्याच्या बागांमध्ये, जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहणारा पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दिवेलागणीला त्याची किचकिच सुरू होते. त्याच्याच चणीचा रानपिंगळा याच अमरावती जिल्ह्यात, पश्चिमेकडच्या मेळघाटच्या सागवनात राहतो. पण तो फार थोड्यांनी पाहिला आहे. या दोघांचं नातं जवळचं की लांबचं, हा वाद मिटायला १४५ वर्षं लागली.

वादाची सुरुवात १८७२च्या डिसेंबरात झाली. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक वेगळंच घुबड मिळालं. पुढच्या वर्षी अॅलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले हेच ते ह्यूम. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, चोच मोठी, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, असा हा पक्षी साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ या प्रजातीत बसत नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी ‘हेटरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजाती केली. पुढच्या अभ्यासकांना हे वेगळेपण पुरेसं वाटलं नाही आणि त्यांनी त्याला पुन्हा ‘अथेनी’त आणलं.

दोन्ही बाजूंकडे पुरावा होता तो मूठभर कातड्यांचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात शहादा-तळोद्याकडे गोळा केले होते. १८८४नंतर एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही. अपवाद एकच सांगितला जाई : कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवलेला पक्षी.

पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना एक्स-रेखाली तपासला, तेव्हा खोटेपणा उघडा पडला. डेव्हिडसन यांचा जुना पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. सातबाऱ्यावर खोटा फेरफार चढावा तशी ही नोंद पक्ष्याच्या इतिहासात बसली होती आणि शोध घेणाऱ्यांची दिशा चुकवत होती. ती बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या, खऱ्या नोंदींच्या गावी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. मधे ११३ वर्षं गेली होती. पुढे मेळघाटातही तो सापडला. भरदिवसा निष्पर्ण फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपणारा, शेपटी डावी-उजवी हलवणारा हा पक्षी अभ्यासकांना पहिल्यांदा नीट पाहता आला. त्याचं हे आगळेपण पाहून ‘हेटरोग्लॉक्स’ हे नाव पुन्हा वापरात आलं.

पण शरीराची ठेवण आणि सवयी नात्याचा भरवशाचा पुरावा असतातच असं नाही. पाकोळ्यांचंच उदाहरण घ्या. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर, गुहांच्या अंधारात घरटी करणाऱ्या पाकोळ्या टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. ही कला एकाच प्रजातीची खूण मानली जात होती. २००४ साली दुसऱ्या प्रजातीतली फिलिपिन्सची एक चिमुकली पाकोळीही तसंच करते हे कळलं, आणि नात्यासाठी डीएनएच्या साक्षीचं वजन वाढलं.

या साक्षीची रीत सोपी आहे. एकच जनुक वेगवेगळ्या पक्ष्यांतून घ्यायचं, त्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम शेजारी-शेजारी मांडायचा आणि कुठे कुठे फरक पडला ते पाहायचं. फरक कमी तर फाटाफूट अलीकडची. फरक जास्त तर ती जुनी. अशी अनेक जनुकं मिळून वंशवृक्ष उभा राहतो. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी रानपिंगळ्यासाठी हेच केलं. २०१८ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रानपिंगळा ‘अथेनी’च्याच वंशवृक्षात, त्या कुळाच्या आत बसतो. ह्यूम यांनी पाहिलेला फरक खरा होता, पण पक्षी कुळाबाहेरचा ठरवण्याइतका तो नव्हता.

बागेतला पिंगळा आणि मेळघाटातला रानपिंगळा एकाच कुळाचे ठरले, म्हणून रानपिंगळ्याचं मोल कमी होत नाही. एक भाऊबंद माणसाच्या वस्तीजवळ सुखाने नांदतो, दुसऱ्याला सागाचं विरळ रानच लागतं आणि तो आजही संकटग्रस्त आहे. रान गेलं तर त्याला दुसरं घर नाही.

या साऱ्या मागोव्यातून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डीएनए नातं सांगतो. पक्षी कुठे आणि कधी होता, हे मात्र माणसालाच प्रामाणिकपणे लिहावं लागतं. डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदींनी रानपिंगळा परत मिळवून दिला आणि एका खोट्या चिठ्ठीने अनेक वर्षं दिशाभूल केली. आज सातपुड्याच्या कुशीतल्या प्रत्येक पक्षिमित्राच्या हातात वही आणि कॅमेरा आहे. दिसलेल्या पक्ष्याची तारीख, गाव आणि झाड त्याने अचूक लिहून ठेवावं. पुढच्या शंभर वर्षांतल्या अभ्यासकांचा सगळा शोध त्या नोंदींवर उभा राहणार आहे.