मानेसमानचा बोनस

आमची कंपनी विकली गेली, तेव्हा साहेबांना किती मिळाले याचीच कुजबुज चालली होती. मला डसेलडॉर्फची मानेसमान आठवली.

१८९०मध्ये पोलादी नळ्यांसाठी उभी राहिलेली ही कंपनी पुढे मोबाइल सेवेत शिरली आणि व्होडाफोनच्या डोळ्यांत भरली. प्रमुख क्लाउस एसर आधी नेटाने लढले, फेब्रुवारी २०००मध्ये विक्रीला राजी झाले. लगोलग त्यांना दीड कोटी युरोंहून अधिक बोनस मंजूर झाला. लढण्यामुळे भागधारकांना चढा भाव मिळाला, हे खरंच. पण हा बोनस करारात नव्हता.

बोनस मंजूर करणाऱ्या समितीत कामगार संघटनेचे अध्यक्ष क्लाउस त्स्विकेलही होते. त्यांनी विरोध केला नाही, तटस्थ राहिले. रकमेपेक्षा मला हेच जास्त खुपतं. आपला माणूस आत बसूनही गप्प राहिला, तर कामगाराने भरवसा कोणावर ठेवायचा?

२००४मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. २००५मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला: कंपनीला काहीच फायदा नसलेलं बक्षीस म्हणजे तिच्या पैशाची उधळपट्टी. २००६मध्ये आरोपींनी मिळून ५८ लाख युरो भरले आणि खटला मिटला. त्यात त्स्विकेल यांचे ६० हजार.