धावल्यानंतर बर्फाच्या पाण्यात बसल्याने पाय दुखायचे थांबतात का?

लोहारा असो की यवतमाळ, पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव केला की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या, मांड्या भरून येतात. रीलमध्ये दिसणारा ‘आईस बाथ’ त्यावर उपाय आहे का?

दुखणं कमी होतं?
काही प्रमाणात, हो. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ छोट्या चाचण्या तपासल्या गेल्या. नुसत्या विश्रांतीपेक्षा थंड पाण्यात बसलेल्यांचे स्नायू पुढचे १ ते ४ दिवस कमी दुखले.

पाणी किती थंड हवं?
बहुतेक चाचण्यांत १० ते १५ अंश सेल्सिअस. विदर्भात विहिरीचं पाणी गार वाटलं, तरी इतकं थंड नसतं. बर्फ टाकावाच लागतो. नवख्यांनी ५ मिनिटांपासून सुरुवात करावी.

तोटा काय?
२०१५ च्या एका प्रयोगात १२ आठवडे वजनं उचलून झाल्यावर थंड पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायू, हलका व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हणजे गोळाफेकीसाठी ताकद कमवायची असेल, तर रोजचा बर्फ नडू शकतो. लागोपाठ स्पर्धा असतील तेव्हा मात्र तो कामी येतो.

कोणी टाळावं?
हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. एकट्याने तर कोणीच नाही.