मिशिगन सरोवराचा वसंत : नदीत चढणारे मासे बदलत गेले त्याची कथा

मार्चच्या अखेरीस मिशिगन सरोवराच्या काठावरचे बर्फ सुटू लागते आणि मॅनिस्टी, मस्कीगन, पेअर मार्क्वेट या नद्यांच्या मुखाशी माणसे कमरेइतक्या गार पाण्यात गळ घेऊन उभी राहतात. कोकणात पहिल्या पावसात मासे ओढ्यांत चढतात, त्याला ‘चढण’ म्हणतात. येथली चढण वितळत्या हिमाच्या पाण्यावर होते. दृश्य पाहून वाटते की हे अनादि काळापासून असेच चालत आले असावे. वस्तुस्थिती अशी, की आज गळाला लागणारा स्टीलहेड मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा, आणि ब्राउन ट्राउट जर्मनीहून आलेला. या सरोवराचा वसंत दीडशे वर्षांत अनेकदा मोडला आणि पुन्हा मांडला गेला.

आधी पाण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. गोडे पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरच्या या सरोवरात वसंताच्या आरंभी काठालगतचे उथळ पाणी ४ अंशांच्या वर जाते, पण खोल मध्यभाग अजून त्याखालीच असतो. दोन्ही पाणी जेथे भेटते, तेथे मिश्रण नेमके ४ अंशांचे होऊन खाली बुडते आणि काठाला समांतर अशी एक अदृश्य भिंत उभी राहते. नद्यांनी आणलेले किंचित उबदार, गढूळ, पोषक पाणी या भिंतीच्या आत कोंडले जाते. लहान मासे तेथे गोळा होतात आणि त्यांच्यामागे मोठे. म्हणून एरवी खोल पाण्यातला मासा या काही आठवड्यांत धक्क्यावरून टाकलेल्या गळाच्या टप्प्यात येतो. हंगाम उघडतो तो दक्षिण टोकाला, इंडियानाच्या किनाऱ्यावर; मग ऊब जशी सरकते तसा तो उत्तरेकडे जातो.

ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी लोकांना हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हिवाळ्याचा साठा संपत आलेला असे तेव्हाच ‘सकर’ जातीचे मासे नद्यांत चढत. ओजिब्वे पंचांगात एका चांद्रमासाचे नावच या माशावरून आहे. त्यापाठोपाठ स्टर्जन येत, माणसाहून लांब आणि माणसाहून जड. १८३६ च्या तहात ओडावा आणि ओजिब्वे यांनी अमेरिकेच्या सरकारला प्रचंड भूभाग दिला, परंतु मासेमारीचा हक्क सोडला नाही. हे कलम पुढे महत्त्वाचे ठरणार होते.

वसंताची पहिली मोडतोड लाकडाने केली. १८७१ च्या आगीनंतर शिकागो पुन्हा बांधले जात होते आणि मिशिगनचे पांढरे पाइन त्यासाठी कापले जात होते. हिवाळाभर तोडलेले ओंडके काठावर रचून ठेवीत आणि हिमजलाचा पूर आला की एकदम नदीत लोटीत. नेमक्या त्याच आठवड्यांत ग्रेलिंग मासा नदीतळाच्या वाळूखड्यांत अंडी घाली. उंच, शिडासारखा पाठीवरचा पर असलेला हा देखणा मासा मॅनिस्टी आणि ऑ-साबल या नद्यांचे वैभव होता. ओंडक्यांनी तळ खरवडला, उघड्या झालेल्या काठांची माती त्यावर बसली. शिवाय मासेमारीला धरबंद नव्हता. १९३० च्या दशकात तो मिशिगन राज्यातून पूर्णपणे नाहीसा झाला. त्याच्या नावाचे ग्रेलिंग हे गाव मात्र नकाशावर राहिले.

रिकाम्या नद्यांत पाहुणे आणून सोडणे ही त्या काळातील सर्वमान्य सुधारणा होती. १८७६ मध्ये हुरॉन सरोवराला मिळणाऱ्या ऑ-साबल नदीत कॅलिफोर्नियाचे रेनबो ट्राउट सोडले गेले. स्टीलहेड म्हणजे त्याच जातीचा, मोठ्या पाण्यात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा. एप्रिल १८८४ मध्ये जर्मनीहून आलेल्या अंड्यांतून वाढवलेली ब्राउन ट्राउटची पिल्ले पेअर मार्क्वेटच्या एका उपनदीत सोडली गेली. १९१२ मध्ये मेन राज्यातून आणलेली स्मेल्ट या बोटभर माशाची अंडी क्रिस्टल लेक या छोट्या तलावात टाकली. तेथून स्मेल्ट मिशिगन सरोवरात निसटले आणि असे माजले की एप्रिलच्या रात्री लोक कंदील आणि दांड्याची जाळी घेऊन ओढ्यांत उतरत, बादल्या भरून नेत. गावोगावी त्याचे उत्सव होऊ लागले.

मग आला लॅम्प्रे. अटलांटिकचा हा जबडा नसलेला, वामीसारखा लांबट जीव गोल दातेरी तोंडाने माशाला चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. नायगाऱ्याचा धबधबा त्याला वरच्या सरोवरांत येऊ देत नव्हता. जहाजांसाठी १८२९ मध्ये खोदलेल्या आणि पुढे रुंदावत गेलेल्या वेलंड कालव्याने तो अडसर काढला. १९३६ मध्ये लॅम्प्रे मिशिगन सरोवरात दिसला. लेक ट्राउट हा तेथील स्थानिक मोठा मासा. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची व्यापारी पकड वर्षाला लाखो पौंडांत होती, १९५३ मध्ये ती काही शे पौंडांवर आली. कालवा खोदणाऱ्यांच्या हिशेबात मासा नव्हताच.

लॅम्प्रेचा कच्चा दुवाही वसंतातच होता. अंडी घालायला त्यालाही नदीत चढावे लागते आणि त्याची पिल्ले कित्येक वर्षे नदीच्या गाळात रुतून राहतात. व्हर्नन अ‍ॅपलगेट यांच्या चमूने हुरॉनकाठच्या हॅमंड बे येथील केंद्रात सुमारे ६,००० रसायने तपासली. इतर माशांना फारसा धक्का न लावता लॅम्प्रेची पिल्ले मारणारे टीएफएम हे द्रव्य त्यातून सापडले आणि १९५८ पासून नद्यांत सोडले जाऊ लागले. लॅम्प्रे संपला नाही, आटोक्यात आला. कोविडच्या साथीत ही कामे रेंगाळली तेव्हा त्याची संख्या लगेच वाढली होती.

दरम्यान, मोठे भक्षकच न उरल्याने एलवाइफ या अटलांटिकच्या आणखी एका लहान माशाला रान मोकळे मिळाले. खोल पाण्यात हिवाळा काढून हे थवे वसंतात काठाकडे येतात आणि तापमानाच्या हेलकाव्यांत मरतात. १९६७ मध्ये इतके मेले की शिकागोच्या पुळण्यांवरून कुजलेल्या माशांचे ढीग यंत्रांनी उपसावे लागले.

हॉवर्ड टॅनर १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले. एलवाइफकडे त्यांनी संकट म्हणून पाहिले नाही, चारा म्हणून पाहिले. ओरेगॉनहून कोहो सामनची अंडी मागवली आणि एप्रिल १९६६ मध्ये त्यांतून वाढलेले मासे प्लॅट नदीत सोडले. दुसऱ्याच वर्षी शरदात परतलेले मासे पाहून लोकांना वेड लागायचे बाकी राहिले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळ येत असताना शेकडो लहान होड्या पाण्यात होत्या. त्यात सात जण बुडून मेले. पण किनाऱ्यावरच्या मरगळलेल्या गावांना धंदा मिळाला हेही खरे.

टॅनर यांच्या धाडसाची स्तुती पुष्कळ होते. त्याची किंमत कोणी दिली, हे क्वचितच सांगितले जाते. सरोवर आता हौशी गळवाल्यांसाठी राखले जाऊ लागले आणि गिलनेटवर निर्बंध आले. ज्या मूलनिवासींचे पोट जाळ्यावर होते, त्यांना अटक होऊ लागली. प्रकरण संघीय न्यायालयात गेले. १९७९ मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी १८३६ च्या तहातील हक्क आजही जिवंत आहे, असा निकाल दिला. त्यानंतर काही धक्क्यांवर मूलनिवासी मच्छीमारांची जाळी फाडण्यापर्यंत मजल गेली.

ताजी उलथापालथ तळाशी झाली. जहाजांच्या संतुलनाच्या पाण्यातून काळ्या समुद्राच्या परिसरातील क्वागा शिंपले १९९७ च्या सुमारास मिशिगन सरोवरात पोहोचले आणि पुढील दशकात खोल तळापर्यंत पसरले. वसंतात पाणी वरपासून खालपर्यंत ढवळले जात असे, तेव्हा सूक्ष्म शैवालांचा मोठा बहर येई; संपूर्ण अन्नसाखळी त्यावर उभी होती. शिंपल्यांनी तो बहर गाळून घेतला. पाणी काचेसारखे स्वच्छ झाले, आणि खाली अन्न उरले नाही. एलवाइफ घटले, स्मेल्टच्या रात्री ओस पडल्या, सामनची पिल्ले सोडण्याचे प्रमाणही कमी करावे लागले.

२०१६ मध्ये ‘लिटल रिव्हर बँड’ या ओडावा राष्ट्राने आणि मिशिगन राज्याने मिळून ग्रेलिंग परत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. अंडी अलास्काहून आणायची, पिल्ले मॅनिस्टीच्या खोऱ्यात तेथल्याच पाण्यात फुटू द्यायची, असा बेत. ओंडके केव्हाच थांबले आहेत, तळही पुष्कळसा निवळला आहे. अडचण आता वेगळी आहे. त्या पिल्लांना खाणारा ब्राउन ट्राउट १८८४ पासून या खोऱ्यांत वाढतो आहे, आणि त्याच्यासाठी दूरदूरहून येणारे गळवाले त्याला हलवू देणार नाहीत.