शाफानाचा पुत्र गमऱ्या

यहुदी लोकांच्या प्राचीन हिब्रू धर्मग्रंथांत दावीद, शलमोन, यिर्मया हीं नांवें जशीं ठळक आहेत, तशींच एखाद्या ओळींत डोकावून कायमचीं लुप्त होणारींहि शेंकडों आहेत. वाचक तीं सहसा ओलांडून पुढें जातो. आम्हीहि अनेक वर्षें तसेंच करीत आलों. त्यांपैकीं एका माणसाची हकीकत येथें सांगावयाची आहे. त्याचें नांव गमऱ्या, शाफानाचा पुत्र. यिर्मयाच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायाबाहेर धर्मग्रंथांत त्याचा मागमूस नाहीं.

प्रसंग इ. स. पू. ६०४ च्या सुमाराचा. यरुशलेमांत यहोयाकीम राज्य करीत होता व बाबेलची सत्ता दिवसेंदिवस जवळ येत होती. लोकांनीं वेळींच वर्तन सुधारलें नाहीं तर राज्याचा नाश ओढवेल, अशी यिर्मया संदेष्ट्याची वाणी होती. त्यास स्वतः मंदिरांत जातां येत नव्हतें. म्हणून त्यानें सांगितलेलीं वचनें बारूख नांवाच्या लेखकानें ग्रंथपटावर उतरून घेतलीं, आणि उपवासाच्या दिवशीं मंदिराच्या वरच्या चौकांत तीं लोकांना वाचून दाखविलीं. वाचावयास जागा मिळाली ती गमऱ्याच्या दालनांत. राजाला न रुचणारें वचन त्याच्याच एका सरदाराच्या दालनांतून वाचलें जावें, ही लहान गोष्ट नव्हे.

अखेर वार्ता राजाच्या कानीं गेली व त्यानें पट मागविला. दिवस हिवाळ्याचे होते. समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून होतांच तेवढा भाग लेखनिकाच्या चाकूनें कापून राजा शेगडींत टाकी. असा सगळा पट जळाला. एलनाथान, दलाया व गमऱ्या या तिघांनीं मात्र पट जाळूं नये म्हणून राजाची विनवणी केली. राजानें ती ऐकली नाहीं.

येथें गमऱ्याच्या पित्याचें स्मरण होणें साहजिक आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मतें हा शाफान म्हणजे यहोयाकीमाचा पिता योशिया याचा चिटणीस होय. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मंदिरांत सांपडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ त्यानेंच योशियाला वाचून दाखविला, तेव्हां त्या राजानें अनुतापानें आपलीं वस्त्रें फाडलीं. एका पिढीनें ग्रंथ ऐकून वस्त्रें फाडलीं. दुसरीनें ग्रंथच कापून जाळला. दोन्ही वेळां शाफानाचें घराणें ग्रंथाच्या बाजूस उभें होतें.

यिर्मयानें तीं वचनें पुन्हां सांगून बारूखाकडून दुसरा पट लिहविला, त्यांत आणखी भर घातली, आणि इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मध्यें बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम खरोखरच जाळलें. पुढें पंचवीसशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९८२ सालीं, यिगाल शिलो हे त्या शहराच्या जुन्या भागांत उत्खनन करीत असतां एका जळक्या घरांत मातीचीं सुमारें पन्नास मोर्तबें सांपडलीं. त्या काळीं पपायरसच्या कागदाची गुंडाळी दोरीनें बांधून गांठीवर ओल्या मातीचा लहानसा गोळा दाबीत व त्यावर मुद्रा उठवीत. आगींत कागद नाहींसे झाले, माती मात्र भाजून टणक झाली. त्यांतील एका मोर्तबावर शाफानपुत्र गमऱ्याचें नांव आहे.

त्यावर हुद्दा नाहीं, हें खरें. परंतु पुत्राचें नांव, पित्याचें नांव, स्थळ व काळ हीं चारहि जुळत असल्यानें तो हाच गमऱ्या असें पुष्कळ विद्वान् मानतात. अशा बाबतींत सावधगिरी अवश्य आहे. बारूखाच्या नांवाचीं म्हणून गाजलेलीं मोर्तबें उत्खननांत मिळालेलीं नव्हतीं, तीं पुराणवस्तूंच्या बाजारांतून आलीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत तीं बनावट ठरलीं. गमऱ्याचें मोर्तब जमिनींतून, जाणत्यांच्या देखत निघालें आहे.

गमऱ्यानें राज्य वांचविलें नाहीं, पटहि वांचविला नाहीं. दरबारांत राहून, राजाच्या तोंडावर, जें करूं नये तें करूं नका एवढेंच तो म्हणाला. दुसऱ्याच्या चाकरींत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस हें धैर्य लहान वाटूं नये. कारण एवढें बोलण्याचा प्रसंग आमच्यावरहि येतो, आणि बहुधा आम्ही ऐकलें जाणार नाहीं या सबबीखालीं गप्प बसतों. गमऱ्याचेंहि कोणी ऐकलें नाहीं. तो बोलला, एवढेंच ग्रंथकारानें लिहून ठेविलें.