लस टोचल्यावर बाळाला शांत कसे करावे?

उल्हासनगर, प्रतिनिधी : दीड महिन्याच्या बाळाला लसीकरणासाठी नेताना घरच्यांच्या मनात धाकधूक असते ती सुईची. एकाच भेटीत पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि पोलिओ अशी तीन इंजेक्शने, शिवाय पोलिओ व रोटाव्हायरसचे तोंडावाटे डोस. बाळ कळवळून रडते, रात्री अंग तापते आणि 'पुढच्या वेळी नको' असा सूर घरात उमटतो. अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस राहून जाण्याचे हे एक कारण असते. त्यामुळे बाळाच्या वेदना कमी करण्याचे साधे उपाय प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवेत.

लसीकरण अर्धवट राहिल्याचे परिणाम फार दूर शोधावे लागत नाहीत. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसर, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. त्यात काही बालके दगावली. बाधितांमध्ये लस न घेतलेल्या मुलांचा भरणा मोठा होता.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही या पट्ट्यातील परिचित सरकारी रुग्णालये. राष्ट्रीय कार्यक्रमातील लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आपल्या वस्तीतील सत्राचा वार व वेळ आशा कार्यकर्तीकडून आधीच विचारून घ्यावी.

निघण्यापूर्वी

बाळाला उपाशी नेऊ नये. मांडी व दंड सहज उघडता येतील असे सैल, सुती कपडे घालावेत. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे. किरकोळ सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलण्याची गरज नसते. बाळ जास्त आजारी असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे. ताप येईल या भीतीने पॅरासिटामॉल आधीच पाजू नये. त्यामुळे लसीला मिळणारा शरीराचा प्रतिसाद कमी होऊ शकतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले आहे.

सुई टोचताना

लस टोचताना होणाऱ्या वेदनांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शक शिफारशी केल्या. बाळाला टेबलावर झोपवून दाबून धरण्याऐवजी आईने मांडीवर, छातीशी धरावे, ही त्यातील महत्त्वाची शिफारस. शक्य असल्यास त्याच वेळी किंवा त्याआधी लगेच अंगावर पाजावे. आईची ऊब, दूध आणि चोखण्याची क्रिया यांमुळे वेदना कमी जाणवते. तोंडावाटे द्यायच्या लसी आधी आणि इंजेक्शने नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो. डोस दिल्यावर अर्धा तास दूध पाजू नये, हा समज चुकीचा आहे.

आईचा आवाज बाळ ओळखते. मराठी अंगाई असो, सिंधी लोली असो वा हिंदी लोरी, हळू आवाजात गुणगुणावे. दीड वर्षाच्या बूस्टरच्या वेळी मूल समजू लागलेले असते. त्याला खुळखुळा किंवा चित्रे दाखवून गुंतवावे. 'दुखणारच नाही' असे खोटे सांगू नये आणि एरवी 'सुई टोचायला सांगेन' असा धाकही घालू नये.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. क्वचित उद्भवणाऱ्या तीव्र ॲलर्जीवर तेथे तातडीने उपचार करता येतात.

घरी आल्यावर

पेंटाव्हॅलंट लसीनंतर ताप, टोचल्या जागी सूज, किरकिर हे त्रास सहसा एक-दोन दिवसांत ओसरतात. त्या जागी स्वच्छ, गार पाण्यात भिजवलेली घडी हलकेच ठेवावी. चोळणे, तेल लावणे, शेक देणे, हळद लावणे टाळावे. अंगावर वरचेवर पाजावे. ताप आल्यास पॅरासिटामॉल डॉक्टरांनी बाळाच्या वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. बदलापुरात हिवाळ्यात पारा बराच उतरतो. तरीही तापलेल्या बाळाला दुपट्यांत व स्वेटरांत गुंडाळून ठेवू नये. मधाचे बोट चाटवून गप्प करण्याची प्रथाही सोडावी, कारण एक वर्षाच्या आत मध धोकादायक ठरू शकतो.

जन्मानंतर दिलेल्या बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, ती फुटते आणि व्रण राहतो. ते अपेक्षितच असते. तेथे मलम लावू नये. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसीनंतर साधारण आठवड्याभराने सौम्य ताप किंवा अंगावर पुरळ येऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

बाळ तीन तासांहून अधिक काळ सतत रडत असेल, ताप फार चढला असेल, झटके येत असतील, श्वास घेण्यास त्रास होत असेल, बाळ मलूल पडून दूध ओढत नसेल किंवा सूज वाढत चालली असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

केंद्रातून निघताना परिचारिकेला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात : आज कोणती लस दिली व ती कोणत्या आजारासाठी, कोणता त्रास होऊ शकतो, तो झाल्यास काय करावे आणि पुढची तारीख कोणती. ताप येऊ शकतो हे आधीच ठाऊक असलेले कुटुंब रात्री गांगरून जात नाही. पुढच्या तारखेला ते बाळाला पुन्हा केंद्रात घेऊन येते.